राम कापसे आणि कल्याण–ठाण्याची जागा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांचा राजकीय इतिहास सांगताना तो बहुधा शिवसेनेच्या उदयापासून सुरू केला जातो, आणि १९६७ साली ठाणे नगरपालिकेत मिळालेल्या पहिल्या सत्तेमुळे तसे होणे स्वाभाविकही आहे. मात्र नगरपालिकेतून नजर उचलून विधानसभा आणि लोकसभा यांच्या निकालांकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. १९७७ ते १९९६ या एकोणीस वर्षांत, १९८४ च्या निवडणुकीनंतरची पाच वर्षे सोडली तर, ठाणे लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व सातत्याने जनसंघाच्या परंपरेतील माणसांनी केले. आधी रामभाऊ म्हाळगी, नंतर जगन्नाथ पाटील आणि शेवटी प्रा. राम कापसे असा हा क्रम आहे. यांपैकी कापसे यांची कारकीर्द सर्वांत बोलकी आहे, कारण तिच्यात आमदारकी आणि खासदारकी या दोन्हींचा अनुभव आहे, पाच विजयांची नोंद आहे, आणि ज्या प्रसंगाने ती थांबली त्यात मतदारांचा कौल कुठेही नव्हता.

राम कापसे यांचा जन्म १ डिसेंबर १९३३ चा. मराठीचे प्राध्यापक असलेला आणि कल्याणमध्ये ‘कापसे सर’ या नावानेच ओळखला जाणारा हा माणूस ज्या मतदारसंघातून उभा राहिला, त्याची घडण समजून घेतल्याशिवाय त्याच्या निकालांचा अर्थ लागत नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत रेल्वे आली, तेव्हापासून या पट्ट्याचे भवितव्य लोहमार्गाशी बांधले गेले. कल्याण हे जुने बंदर आणि व्यापारपेठेचे गाव होते, तर डोंबिवली हे दीर्घकाळ खेडेच राहिले. स्वातंत्र्यानंतर फाळणीमुळे विस्थापित झालेल्या सिंधी कुटुंबांच्या छावण्या कल्याणच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यातून उल्हासनगर जन्माला आले. १९६० नंतर एकीकडे ठाण्यातील वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांनी कामगार आणले, तर दुसरीकडे गिरगाव, दादर, परळ येथे जागा अपुरी पडू लागलेल्या मराठी मध्यमवर्गाने स्वस्त घरांसाठी डोंबिवली आणि कल्याण गाठले. बँका, विमा, टपाल, रेल्वे, मंत्रालय आणि शाळा यांत नोकरी करणारा हा वर्ग पहाटेच्या लोकलने मुंबईला जाई आणि रात्री परते. गावात तो दिवसा नसे, पण मतदार म्हणून तो जागरूक होता, वर्तमानपत्रे वाचणारा होता, आणि व्याख्यानमाला, ग्रंथालये, सहकारी गृहनिर्माण संस्था व शाळांच्या संचालक मंडळांतून त्याचे सार्वजनिक जीवन चाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखांचे जाळेही याच वस्त्यांत होते. अशा समाजात शिक्षकाला जी प्रतिष्ठा असते, ती मताला येण्यासाठी वेगळ्या भांडवलाची गरज पडत नसे.

या पट्ट्यात जनसंघाच्या परंपरेला संसदेत पहिले यश मिळाले ते रामभाऊ म्हाळगी यांच्या रूपाने. म्हाळगी मूळचे पुण्याकडचे. १९५७ साली ते मावळमधून विधानसभेत गेले आणि पुढे पुणे शहरातून आमदार झाले. आमदार म्हणून वर्षभरात काय केले, किती प्रश्न विचारले, कोणत्या कामांचा पाठपुरावा केला याचा छापील वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची पद्धत त्या काळी अपूर्व होती. निवडून आलेल्या माणसाने मतदाराला हिशेब द्यावा, ही अपेक्षा आज सर्वांना सहज वाटते. पण कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना ती स्वतःहून पाळणारा लोकप्रतिनिधी तेव्हा दुर्मीळ होता आणि खरे तर आजही आहे. आणीबाणीतील तुरुंगवासानंतर १९७७ साली जनता पक्षातर्फे ते ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. बाहेरून आलेल्या उमेदवाराला ठाण्या-कल्याणने स्वीकारले, यामागे आणीबाणीविरोधी लाट जशी होती तशी संघ-जनसंघाच्या स्थानिक कार्यकर्त्यांची बांधणीही होती. ही बांधणी किती पक्की होती हे जानेवारी १९८० मध्ये कळले. इंदिरा गांधींच्या पुनरागमनात महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९ जागा काँग्रेसने जिंकल्या, तरी ठाण्याची जागा म्हाळगींनी राखली.

कापसे यांचा विधानसभेतील प्रवेश या दोन लोकसभा निवडणुकांच्या मधल्या काळातला आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्ष ९९ जागा मिळवून राज्यातला सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि कल्याणमधून कापसे निवडून आले. तेव्हाचा कल्याण विधानसभा मतदारसंघ म्हणजे आजच्या अर्थाने कल्याण शहराची एक जागा नव्हती; डोंबिवलीही त्याच मतदारसंघात मोडत असे. काँग्रेसच्या दोन गटांनी एकत्र येऊन सुरुवातीला सरकार बनवल्यामुळे सर्वांत मोठा पक्ष विरोधी बाकांवर बसला, परंतु जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांनी सरकारमधून बाहेर पडून जनता पक्ष आणि इतरांसह ‘पुरोगामी लोकशाही दल’, म्हणजे बोलीभाषेतले ‘पुलोद’, ही आघाडी स्थापन केली. कापसे यांच्या वाट्याला सत्ताधारी आमदारकी आली ती एवढीच, कारण फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने हे सरकार बरखास्त करून विधानसभा विसर्जित केली. त्यानंतर आमदार म्हणून त्यांची सगळी वर्षे विरोधी बाकांवर गेली.

१९८० च्या विधानसभा निवडणुकीची परीक्षा अधिक कठीण होती. ६ एप्रिल १९८० रोजी जनता पक्षातील पूर्वाश्रमीच्या जनसंघीयांनी भारतीय जनता पक्षाची स्थापना केली आणि मे महिन्याच्या अखेरीस मतदान झाले. नव्या पक्षाचे नाव, झेंडा आणि चिन्ह घरोघर पोहोचवायला जेमतेम सात आठवडे होते. जनसंघाची पणती मतदारांच्या ओळखीची होती, त्यानंतर जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी १९७७ पासून भिंतीभिंतीवर रंगवला गेला होता, आणि आता त्याच कार्यकर्त्यांना त्याच मतदारांकडे जाऊन कमळावर शिक्का मारायला सांगायचे होते. मतदान तेव्हा कागदी मतपत्रिकेवर होई. मतदाराच्या बोटाला शाई लावून त्याच्या हाती मतपत्रिका आणि फुलीचा शिक्का दिला जाई, आणि पडद्याआड जाऊन त्याने उमेदवाराच्या चिन्हासमोर शिक्का मारायचा, शाई दुसऱ्या रकान्यात उमटणार नाही अशी घडी घालायची आणि ती मतपेटीत टाकायची असे. या क्रियेत चिन्हाची ओळख निर्णायक ठरे, विशेषतः आसपासच्या गावांतील अल्पशिक्षित मतदारांच्या बाबतीत. पाच महिन्यांपूर्वीच, जानेवारीत, याच मतदारांनी म्हाळगींना जनता पक्षाच्या चिन्हावर मत दिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामातली अडचण ध्यानात येते. २८८ जागांच्या सभागृहात काँग्रेसने १८६ जागा घेतल्या आणि भाजपच्या वाट्याला अवघ्या १४ आल्या. त्या १४ जणांत कल्याणचे कापसे होते.

याच सुमारास शहरांच्या कारभारात झालेल्या एका बदलाने कल्याणच्या आमदाराचे काम पालटले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका आणि बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ रोजी, कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली. दुसऱ्या महानगरपालिकेत कल्याण, डोंबिवली आणि आजूबाजूची अनेक गावे एकत्र आणली गेली, आणि पुढे तिच्या नावात डोंबिवलीही आली. ठाण्यात १९८६ साली पहिली निवडणूक होऊन शिवसेनेचे सतीश प्रधान महापौर झाले. कल्याणमध्ये मात्र लोकनियुक्त सभागृह यायला १९९५ साल उजाडले. मधली बारा वर्षे कारभार प्रशासकाच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती होता. लोकसंख्या सर्वाधिक वेगाने वाढत होती, शेतजमिनींवर परवानगीने आणि परवानगीशिवाय इमारती उभ्या राहत होत्या, पाणी, गटारे, रस्ते यांची मागणी रोज वाढत होती, आणि नेमक्या त्याच काळात वॉर्डाच्या पातळीवर नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता. नळाला पाणी का येत नाही हा प्रश्नही आमदाराच्या दारात जाणे मग अपरिहार्य होते. आमदाराचे काम कायदे करणे आणि शासनाला जाब विचारणे हे असते असे घटनेच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. ऐंशीच्या दशकातल्या कल्याण-डोंबिवलीत ते नगरसेवकाचेही काम होते. या महानगराची जी बेशिस्त वाढ पुढे सर्वांच्या टीकेचा विषय झाली, तिच्या मुळाशी ही बारा वर्षांची लोकप्रतिनिधीविहीन पोकळी आहे, हे पुरेशा ठामपणे सांगितले गेलेले नाही. एका आमदाराने ती भरून काढणे शक्य नव्हते.

६ मार्च १९८२ रोजी म्हाळगी यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत भाजपचे जगन्नाथ पाटील विजयी झाल्याने जागा त्याच परंपरेत राहिली. लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणासाठी म्हाळगींच्या नावाने १९८२ सालीच प्रबोधिनी स्थापन झाली आणि पुढे भाईंदरजवळ उत्तन येथे तिचे संकुल उभे राहिले. डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लोकसभा निवडणुकीत, ही परंपरा खंडित झाली आणि काँग्रेसचे शांताराम घोलप ठाण्यातून निवडून आले. भाजपला संपूर्ण देशात दोन जागा मिळाल्या त्या वर्षीच्या या पराभवात नवल काही नाही. नवल वाटावे असा निकाल त्यानंतर थोड्याच महिन्यांनी लागला. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने १६१ जागा घेऊन सत्ता राखली आणि भाजप १६ जागांवर थांबला, तरी कल्याणने पुन्हा कापसे यांनाच निवडले. लोकसभेला सहानुभूतीच्या लाटेत वाहणारा आणि विधानसभेला आपल्या माणसाकडे परतणारा हा मतदार पक्षनिष्ठेच्या सोप्या सूत्रात बसत नाही. कोणत्या सभागृहासाठी मत देतो आहोत याचे भान त्याला होते आणि माणसाची पारखही होती.

१९८९ हे वर्ष कापसे यांना मुंबईतून दिल्लीला घेऊन गेले. भाजप आणि शिवसेना यांची पहिली रीतसर युती या लोकसभा निवडणुकीसाठी झाली. भाजपच्या बाजूने प्रमोद महाजन आणि शिवसेनेच्या बाजूने स्वतः बाळासाहेब ठाकरे या युतीचे शिल्पकार होते, आणि लोकसभेत भाजपने व विधानसभेत शिवसेनेने अधिक जागा लढवाव्यात अशी तिची ढोबळ वाटणी होती. ठाण्याची जागा परंपरेने भाजपकडे गेली आणि कापसे खासदार झाले. कल्याणच्या जागेवर १९९० साली भाजपचेच जगन्नाथ पाटील आमदार झाले. कापसे यांची लोकसभेतील पहिली कारकीर्द मात्र दीड वर्षही टिकली नाही, कारण विश्वनाथ प्रताप सिंह आणि त्यानंतर चंद्रशेखर यांची सरकारे कोसळून १९९१ साली पुन्हा निवडणूक आली. ती चालू असतानाच २१ मे रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली. महाराष्ट्रात काँग्रेसने ३८ जागा जिंकल्या आणि भाजपच्या दहा जागांवरून पाचच उरल्या. ठाणे त्या पाचांपैकी एक होते.

येथवरच्या नोंदीकडे एकत्र पाहिले म्हणजे तिचे वैशिष्ट्य नजरेत भरते. १९७८, १९८०, १९८५, १९८९ आणि १९९१ अशा पाच विजयांपैकी तीन विजय असे आहेत की ज्या वेळी राज्यात काँग्रेसचे वारे होते आणि पक्षाचे बहुतेक उमेदवार पडले होते. लाटेवर निवडून येणारे अनेक असतात. लाट ओसरली की त्यांची नावे निकालपत्रातून जातात. कापसे यांच्या बाबतीत उलटे घडत राहिले. मतदारसंघाची सामाजिक घडण त्यांना अनुकूल होती हे खरे आहे, आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांनी घरोघर मतदारचिठ्ठ्या पोहोचवण्यापासून मतमोजणीच्या टेबलावर रात्र जागवण्यापर्यंत केलेले काम वजा करून हा हिशेब मांडता येणार नाही. तरीही शांत, अभ्यासू आणि सौजन्यशील प्रतिनिधीला एक मोठा नागरी मतदारसंघ पुन्हा पुन्हा निवडतो, ही गोष्ट महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासात जपून ठेवण्यासारखी आहे.

दरम्यान ठाण्याचे राजकारण दुसऱ्याच एका केंद्राभोवती फिरू लागले होते. टेंभी नाक्यावर बसणारे शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे ऐंशीच्या दशकात ठाणे जिल्ह्यातील सर्वांत प्रभावी व्यक्ती बनले. त्यांनी स्वतः कधी निवडणूक लढवली नाही. रात्री उशिरापर्यंत चालणारा त्यांचा दरबार, म्हणजे तक्रारी ऐकून तिथल्या तिथे निकाल देण्याची बैठक, टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव आणि गल्लीबोळांत उघडलेल्या शाखा यांतून शिवसेनेने या पट्ट्यातल्या कामगार वस्त्या, चाळी आणि तरुण वर्ग आपल्याकडे खेचला. प्रशासकीय राजवटीने रिकामी ठेवलेली जागा शाखेने व्यापली असेही म्हणता येईल. १९९० च्या विधानसभेत शिवसेना ५२ आणि भाजप ४२, तर १९९५ साली शिवसेना ७३ आणि भाजप ६५ अशी संख्या झाली आणि युतीचे पहिले सरकार आले. राज्यात मोठा भाऊ ठरलेल्या आणि ठाणे महानगरपालिकेत पाय रोवून बसलेल्या पक्षाला ठाण्याची लोकसभेची जागा मित्रपक्षाकडे असणे खुपू लागले.

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी दिघे यांनी ही जागा शिवसेनेला मिळावी असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. दोन वेळा निवडून आलेल्या विद्यमान खासदाराची जागा मित्रपक्षाला सोडण्यात आली. शिवसेनेचे प्रकाश परांजपे उमेदवार झाले आणि विजयीही झाले. त्या वर्षी महाराष्ट्रात भाजपने १८ आणि शिवसेनेने १५ जागा जिंकल्या. म्हणजे प्रतिकूल वाऱ्यात तीनदा तगलेला हा उमेदवार, वारा पक्षाच्या बाजूने वाहू लागला त्या पहिल्याच निवडणुकीत रिंगणात नव्हता. कापसे यांनी बंडखोरी केली नाही, अपक्ष अर्ज भरला नाही, आणि पक्ष सोडला नाही. पुढे ते राज्यसभेवर गेले. युतीधर्म, म्हणजे मित्रपक्षासाठी स्वतःचा दावा मागे घेण्याचा अलिखित नियम, या शब्दाचा वापर त्यानंतरच्या काळात फार सैल झाला. ठाण्यात १९९६ साली त्याची खरी किंमत एका माणसाने आणि त्याच्यासाठी वीस वर्षे राबलेल्या कार्यकर्त्यांनी मोजली. मतदाराच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रसंग अस्वस्थ करणारा आहे. ज्याला त्याने नाकारले नव्हते असा प्रतिनिधी त्याच्या मतपत्रिकेवरून नाहीसा झाला, आणि त्याबद्दल त्याला कोणी काही विचारले नाही. निवडणुकीचा इतिहास निकालांचा असतो तितकाच उमेदवारीचा असतो, आणि उमेदवारीचा निर्णय बंद दाराआड होतो, हे या एका घटनेतून जितके स्पष्ट दिसते तितके आकडेवारीच्या तक्त्यांतून दिसत नाही.

जानेवारी २००४ मध्ये कापसे यांची अंदमान आणि निकोबार बेटांचे नायब राज्यपाल म्हणून नियुक्ती झाली. केंद्रशासित प्रदेशात राष्ट्रपतींच्या वतीने कारभार पाहणाऱ्या या पदावर, विशेषतः जिथे विधानसभाच नाही अशा अंदमानात, प्रत्यक्ष प्रशासनाची जबाबदारी येते. काही महिन्यांतच केंद्रात सत्तांतर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेल्युलर तुरुंगाच्या परिसरातील सावरकरांच्या वचनाची पाटी हटवल्यावरून देशभर वाद उठला. आणि २६ डिसेंबर २००४ च्या पहाटे सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीने निकोबार बेटे उद्ध्वस्त केली. कार निकोबारचा हवाई तळ लाटांखाली गेला, आणि भारताचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची भूमीच चार मीटरहून अधिक खचली. सत्तरी ओलांडलेल्या कल्याणच्या या प्राध्यापकाच्या सार्वजनिक जीवनातली सर्वांत मोठी आपत्ती मतदारसंघापासून शेकडो मैल दूर, समुद्रात पसरलेल्या बेटांवर त्यांच्यासमोर उभी राहिली. मे २००६ पर्यंत ते त्या पदावर होते.

इकडे प्रकाश परांजपे यांनी १९९८, १९९९ आणि २००४ साली जागा राखली. ऑगस्ट २००१ मध्ये दिघे यांचे निधन झाले. फेब्रुवारी २००८ मध्ये परांजपे यांच्या निधनाने झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र आनंद परांजपे निवडून आले, आणि जुन्या स्वरूपातील ठाणे मतदारसंघाचे ते शेवटचे खासदार ठरले. ठाणे, बेलापूर, कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर असा पसरलेला हा मतदारसंघ तोवर देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक झाला होता. २००१ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांच्या आसपास होती. मतदारसंघांची पुनर्रचना, म्हणजे लोकसंख्येप्रमाणे त्यांच्या सीमा नव्याने आखण्याची प्रक्रिया, २००८ साली अमलात आली. तेव्हा ठाणे जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा १३ वरून २४ झाल्या आणि कल्याण हा लोकसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला. कापसे ज्या एका कल्याण मतदारसंघातून तीनदा आमदार झाले, त्याच्या परिसरात आता कल्याण पश्चिम, कल्याण पूर्व, कल्याण ग्रामीण आणि डोंबिवली अशा चार जागा होत्या. त्यांपैकी डोंबिवली २००९ पासून भाजपच्या रवींद्र चव्हाण यांनी सलग जिंकली. जुन्या मध्यमवर्गीय पट्ट्यातली ही जागा जनसंघाच्या परंपरेकडे राहिली, यात या शहराच्या घडणीचा धागा स्पष्ट दिसतो.

२०१४ च्या विधानसभेला युती तुटली आणि दोन्ही पक्ष समोरासमोर आले, तेव्हा ठाणे शहराची जागा भाजपच्या संजय केळकर यांनी शिवसेनेकडून घेतली. २९ सप्टेंबर २०१५ रोजी राम कापसे यांचे निधन झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ठाण्याच्या जागेवर भाजपने पुन्हा दावा सांगितला आणि वाटाघाटी लांबत गेल्या. अखेर जागा एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेकडेच राहिली, तिथून नरेश म्हस्के आणि कल्याणमधून श्रीकांत शिंदे निवडून आले, आणि १९९६ साली हातची गेलेली ही जागा भाजपला अद्याप परत मिळालेली नाही.